समुद्राचे दोन बहर आणि शिरवण्याची खाडी

नवी मुंबईतल्या शिरवण्याहून पश्चिमेकडे जाऊन पाम बीच रस्ता ओलांडला की तिवरांची दाट पट्टी लागते आणि तिच्या पलीकडे ठाणे खाडी. नवं शहर वसवण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईसाठी पुढे ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यांत आगरी-कोळ्यांचं हे गावही होतं. भातशेती गेली, मिठागरं गेली, पण खाडी राहिली. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर आजही निवट्या सरपटतात, तिवरांच्या मुळांत चिंबोऱ्या असतात, आणि हिवाळा लागला की रोहित पक्ष्यांचे थवे इथे उतरतात ते मे महिन्यापर्यंत राहतात. २०२२ मध्ये या खाडीचं ६,५२१ हेक्टर क्षेत्र रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालची पाणथळ म्हणून जाहीर झालं.

रोहित खातो ते मुख्यतः चिखलावरचं आणि पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. जवळा जगतो प्लवकांवर, बोंबील जगतो जवळ्यावर, आणि बोंबलावर आपण. साखळी कुठूनही धरा, तिचं पहिलं टोक वनस्पतीप्लवकांपाशीच सापडतं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, पाण्याबरोबर वाहत जाणारे आणि सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न तयार करणारे हे जीव पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा वाटा उचलतात. त्यांचं आयुष्य काही दिवसांचं. परिस्थिती जुळली तर दिवस-दोन दिवसांत त्यांची संख्या दुप्पट होते. म्हणून समुद्रातला बहर आठवड्याभरात येतो आणि तसाच ओसरतोही.

हा बहर दरवर्षी ठरलेल्या ऋतूत येतो, पण दरवर्षी सारखा येत नाही. एखाद्या वर्षी समुद्र महिनाभर हिरवा राहतो, दुसऱ्या वर्षी तोच महिना जवळजवळ कोरडा जातो. एका वर्षी तो लवकर येतो आणि माशांच्या पिल्लांना हवा तेव्हा संपलेला असतो. याचं कारण प्लवकांत शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. ते शोधावं लागतं वाऱ्यात, पाण्याच्या तापमानात, पावसाच्या गोड्या पाण्यात आणि हजारो किलोमीटर दूर घडणाऱ्या घडामोडींत.

प्लवकाला दोन गोष्टी लागतात: प्रकाश आणि खत, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट यांसारखी अन्नद्रव्यं. अडचण अशी की प्रकाश वर असतो आणि खत खाली. वरच्या थरातले जीव मरून खाली जातात, तिथे कुजतात, आणि त्यांच्यातली अन्नद्रव्यं खोल, काळोख्या, थंड पाण्यात साठत राहतात. वरचं पाणी उन्हाने तापून हलकं झालेलं असतं. हलकं पाणी वर आणि जड पाणी खाली, अशी मांडणी एकदा पक्की बसली की दोघं सहजी मिसळत नाहीत. ही मांडणी मोडायला जोर लागतो, आणि तो जोर दरवर्षी वेगळा असतो.

नॉर्वेचे हॅराल्ड स्वेरड्रुप यांनी १९५३ साली उत्तर अटलांटिकमधल्या वसंत बहराचं एक गणित मांडलं. तिथे हिवाळी वादळं पाणी इतकं खोल ढवळतात की प्लवकांचा बहुतेक वेळ अंधारातच जातो. वसंतात वरचा थर तापून उथळ झाला, प्लवक उजेडात टिकू लागले, की बहर. या गणितावर नंतर बरेच वाद झाले, पण समुद्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं तेच शिकवलं गेलं. अरबी समुद्राला मात्र ते जसंच्या तसं लागू पडत नाही. आपल्याकडे फेब्रुवारीतही ऊन भरपूर असतं. इथे प्रकाशाचा तुटवडा नसतो, तुटवडा खताचा असतो. तिकडे ढवळणं थांबलं की बहर, आपल्याकडे ढवळणं सुरू झालं की बहर.

संत्र्या-डाळिंबाच्या बागायतदाराला मृग बहर आणि आंबे बहर माहीत असतात. अरबी समुद्रालाही वर्षातून असेच दोन बहर येतात, एक थंडीत आणि एक पावसाळ्यात. दोन्हींमागची यंत्रणा वेगळी आहे, म्हणून दोन्हींची वर्षागणिक होणारी चढउतारही वेगळ्या कारणांनी होते.

आधी थंडीचा बहर. डिसेंबरपासून उत्तर अरबी समुद्रावर जमिनीकडून कोरडे, गार वारे वाहतात. कोरड्या वाऱ्यामुळे पाण्याची वाफ जोराने होते. वाफ उष्णता घेऊन जाते आणि मीठ मागे ठेवते. वरचं पाणी थंड होतं, शिवाय खारटही होतं. दोन्हींमुळे ते जड होऊन खाली बुडतं, आणि खालचं खतयुक्त पाणी वर येतं. एरवी वीस-तीस मीटर जाडीचा वरचा थर फेब्रुवारीपर्यंत उत्तरेकडे शंभर मीटरच्याही खाली पोहोचतो, आणि पृष्ठभागाचं तापमान २४-२५ अंशांपर्यंत उतरतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, म्हणजे एनआयओचे, एम. मधुप्रताप आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली 'नेचर' या नियतकालिकात ही यंत्रणा उलगडून दाखवली. त्याआधी या समुद्राची सुपीकता मुख्यतः पावसाळी वाऱ्यांच्या खात्यावर मांडली जात होती.

आता या बहरात वर्षावर्षाचा फरक कुठून येतो ते उघड आहे. एखाद्या हिवाळ्यात उत्तरेचे वारे अधिक कोरडे आणि अधिक दिवस टिकणारे असले तर ढवळणं खोल जातं आणि खत अधिक वर येतं. वारे दमट आणि मंद राहिले तर वरचा थर उथळच राहतो आणि समुद्र उपाशी राहतो. हे वारे ज्या जमिनीवरून येतात तिथल्या बर्फावर त्यांचा गारवा आणि कोरडेपणा अवलंबून असतो, म्हणून हिमालयावर, मध्य आशियावर किती बर्फ पडलं याचा संबंध अरबी समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाशी पोहोचतो. मुंबईकराला जानेवारीत अंगावर शाल घ्यावीशी वाटणारी रात्र आणि दूर समुद्रात खालून वर येणारं नायट्रेट यांच्यामागे अनेकदा एकच वारा असतो.

पावसाळ्याचा बहर वेगळ्या वाटेने येतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवर पृष्ठभागाचं पाणी समुद्राकडे लोटतात, आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही असंच पाणी वर चढतं. त्याची सुरुवात दक्षिणेत केरळकडे होते आणि ते हळूहळू उत्तरेला सरकतं. गोव्यापर्यंत त्याचा जोर जाणवतो, त्याच्या वर कोकणात तो कमी होत जातो. मासेमारी बंदीचे १ जून ते ३१ जुलै हे दिवस याच काळातले आहेत. नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि समुद्र पुढच्या हंगामाची शिदोरी बांधत असतो.

इथे पाऊस मध्ये येतो. सह्याद्रीवर कोसळणारं पाणी नद्यांतून समुद्रात उतरतं आणि किनाऱ्याजवळ खाऱ्या पाण्यावर गोड्या, हलक्या पाण्याचा पातळ थर पसरतो. त्याची जाडी पाच-दहा मीटरच असते, पण खालचं थंड, खतयुक्त पाणी पृष्ठभागाच्या इतक्या जवळ येऊनही या झाकणाखाली अडून राहतं. ज्या वर्षी पाऊस धो धो पडतो आणि वारा त्या मानाने कमी असतो, त्या वर्षी झाकण घट्ट बसतं. वारा जोरदार आणि पाऊस खंड घेत आला तर झाकण मोडतं. नुसत्या पावसाच्या आकड्यावरून बहर कसा येईल हे सांगता येत नाही ते यामुळे. वाऱ्याचा आणि पावसाचा क्रमही पाहावा लागतो.

याहून अवघड गोष्ट म्हणजे खालचं थंड पाणी मुळात किती खोल आहे हे आपल्या किनाऱ्यावरचा वारा एकटा ठरवत नाही. १९९० च्या दशकात एनआयओच्या सतीश शेट्ये, डी. शंकर आणि इतर समुद्रशास्त्रज्ञांनी हे सविस्तर मांडलं. विषुववृत्तावर आणि बंगालच्या उपसागरात वाऱ्याने दिलेला धक्का पाण्याच्या आतल्या लाटेच्या रूपाने किनारा धरून प्रवास करतो, श्रीलंकेला वळसा घालतो आणि पश्चिम किनाऱ्याने वर येतो. या लाटा पृष्ठभागावर दिसत नाहीत. त्या थंड आणि उबदार पाण्याच्या सीमेवरून दिवसाला साधारण दोनशे किलोमीटर वेगाने जातात आणि ती सीमा कुठे वर उचलतात, कुठे खाली दाबतात. रत्नागिरीसमोर वारा नेहमीसारखाच असताना बहर फसला, तर कारण काही आठवड्यांपूर्वी सुमात्राच्या बाजूला घडून गेलेलं असू शकतं.

सुमात्राच्या बाजूला काय घडतं? काही वर्षी हिंदी महासागराचा पूर्व भाग नेहमीपेक्षा थंड आणि पश्चिम भाग उबदार होतो. याला धन हिंदी महासागर द्विध्रुव म्हणतात. १९९७ साली तो फार तीव्र होता. एरवी ज्या सुमात्रा-जावाच्या किनाऱ्यांजवळ खोलातलं पाणी क्वचितच वर येतं, तिथे त्या वर्षी जोरात आलं आणि समुद्र प्लवकांनी भरून गेला. इंडोनेशियातल्या जंगलांत तेव्हा वणवे पेटले होते. त्या धुरातलं लोहही पाण्यात पडलं आणि त्याने बहराला आणखी खत मिळालं, असं संशोधकांनी नंतर मांडलं. सुमात्राजवळच्या मेंटावाई बेटांभोवतीची प्रवाळं त्या बहरानंतर मोठ्या प्रमाणावर मेली. बहर म्हणजे नेहमीच भरभराट असं नाही, हे त्या वर्षाने दाखवलं.

आपल्या किनाऱ्यावर त्याच द्विध्रुवाचा परिणाम उलटा होतो, आणि तो नीट कळला गोव्याच्या कांदोळीसमोरच्या एका ठिकाणामुळे. एनआयओचे शास्त्रज्ञ १९९७ पासून तिथे पुन्हा पुन्हा जाऊन पाण्याचं तापमान, क्षारता, प्राणवायू आणि अन्नद्रव्यं मोजत आले आहेत. पावसाळ्याच्या शेवटी वर आलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. त्यात बहर मरून कुजला की उरलासुरलाही संपतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की या किनारी पट्टीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी कधी कधी पूर्ण प्राणवायूहीन होतं आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. अशा वेळी तळाजवळचे मासे तिथून पळतात किंवा मरतात. मग २०१७ मध्ये पार्वती वल्लिवट्टतिल्लम आणि सहकाऱ्यांनी या नोंदींना द्विध्रुवाच्या वर्षांशी ताडून पाहिलं. धन द्विध्रुवाच्या वर्षी शरदात थंड पाण्याची सीमा खाली दबलेली राहते, त्यामुळे किनाऱ्यावर प्राणवायूचा पूर्ण अभाव होत नाही. पण खालीच राहिलेल्या त्या पाण्याबरोबर खतही खालीच राहतं. माशांना श्वास मिळाला तरी बहराचं अन्न आखडतं, अशी ही दुहेरी वर्षं असतात. २०१९ हे असंच एक तीव्र धन द्विध्रुवाचं वर्ष होतं. त्या वर्षी पाऊस लांबला, ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात 'क्यार' हे सुपर सायक्लोन वर्गाचं चक्रीवादळ उठलं आणि पाठोपाठ 'महा' आलं. चक्रीवादळही पाणी ढवळतंच. त्याच्या मार्गावर काही दिवस थंड पाण्याचा आणि त्यामागून हिरव्या प्लवकांचा पट्टा उमटतो. एकाच वर्षी एक शक्ती बहर दाबते आणि दुसरी मधूनच तो पेटवते, असंही होतं.

तारलीच्या हिशेबात हे सगळं उतरतं. तारली प्लवकांवरच जगते, म्हणून बहराची चढउतार तिच्यात सर्वांत आधी दिसते. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली होती, २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. मासेमारीचा ताण त्यात होताच, पण मधल्या २०१५-१६ च्या प्रबळ एल निनोने समुद्राची स्थिती बिघडवली हेही कारण केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी पुढे केलं आहे. मालवण-रत्नागिरीच्या मच्छीमारांना तारलीच्या अशा लहरी वर्षांची जुनी ओळख आहे.

बहर किती आला याइतकंच महत्त्व कोणाचा आला यालाही आहे. उत्तर अरबी समुद्रात पूर्वी थंडीच्या बहरात डायटम या वनस्पतीप्लवकांचं वर्चस्व असे, आणि डायटम म्हणजे छोट्या प्राणीप्लवकांचं आवडतं खाद्य. गेल्या दोन दशकांत तिथे नॉक्टिल्युका नावाच्या जीवाने जागा घेतली आहे. याचा एकपेशीय गोळा जवळजवळ अर्ध्या ते एक मिलिमीटरचा असतो, त्याच्या पोटात हिरवं शेवाळ राहतं, आणि तो स्वतः शिकारही करतो. मूळ गोव्याचे शास्त्रज्ञ हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी २०१४ साली याचा संबंध वर येणाऱ्या कमी-प्राणवायूच्या पाण्याशी जोडला. डायटम अशा पाण्यात मागे पडतात, नॉक्टिल्युका टिकून राहतो. सामान्य प्राणीप्लवकांना तो खाता येत नाही, त्याच्यावर सॅल्प आणि जेलीसारखे प्राणी पोसले जातात. उपग्रहाच्या नकाशावर समुद्र हिरवागार दिसतो आणि मच्छीमाराच्या जाळ्यात मात्र त्यातलं फारसं काही येत नाही. देवगड, मालवण, रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर थंडीच्या सुरुवातीला रात्री निळ्या प्रकाशाने उजळणाऱ्या लाटा पाहायला लोक गर्दी करतात. ती चमक बहुतेकदा याच नॉक्टिल्युकाच्या किनारी भावंडांची असते. दृश्य सुंदर आहेच, पण त्याकडे समुद्राच्या तब्येतीची खूण म्हणूनही पाहायला हवं.

आणि इथे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. समुद्राचा रंग अंतराळातून सातत्याने मोजणं १९९७ मध्ये सीविफ्स या उपकरणापासून सुरू झालं. भारताचा ओशनसॅट-१ हा उपग्रह २६ मे १९९९ रोजी गेला. २००५ साली गोएस आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की पश्चिम अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी काळातले प्लवक सात वर्षांत साडेतीनशे टक्क्यांहून अधिक वाढले आहेत. आशियातलं बर्फ घटल्याने जमीन जास्त तापते, वारे जोरदार होतात, म्हणून समुद्र सुपीक होतो आहे, असं त्यांचं म्हणणं. दोनच वर्षांत अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या सत्य प्रकाश आणि आर. रमेश यांनी ही वाढ साऱ्या अरबी समुद्राला लागू होत नाही असं दाखवलं. २०१२ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रातल्या संशोधकांनी अधिक वर्षांची माहिती तपासली तेव्हा चढता आलेख मध्येच वळून खाली आलेला दिसला. आणि २०१६ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने सांगितलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटले आहेत, कारण तापलेला वरचा थर खालचं खत वर येऊ देत नाही.

यातला कोणताही गट निष्काळजी नव्हता. सात वर्षांच्या खिडकीतून पाहिलं तर वर्षावर्षाची लाट हाच कल वाटतो. एका टोकाला १९९७ सारखं विचित्र वर्ष पडलं, तर पुढचं सगळं चढतंच दिसणार. माझं मत असं की कोणत्याही एका वर्षाच्या किंवा एका दशकाच्या बहरावरून समुद्र सुधारला किंवा बिघडला असं बोलू नये, वारा आणि थरांची स्थिती शेजारी मांडल्याशिवाय तर मुळीच नाही. तापणाऱ्या समुद्राचा दूरचा धोका यामुळे कमी होत नाही. उलट तो ओळखायचा असेल तर आधी या चढउतारांचा हिशेब नीट वजा करावा लागतो.

आता पुन्हा शिरवण्याच्या खाडीकडे येऊ, कारण तिथे सगळे नियम उलटे होतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या सांडपाण्यामुळे या खाडीत नायट्रेट-फॉस्फेटची कमतरता कधीच नसते. तिथे तुटवडा प्रकाशाचा आहे. गढूळ पाण्यात उजेड फार खाली पोहोचतच नाही. पावसाळ्यात तर वर ढग, खाली गाळ आणि वरून येणारा गोड्या पाण्याचा लोंढा प्लवकांना वाढायच्या आधीच खाडीबाहेर नेतो. कोळ्यांच्या भाषेत सांगायचं तर फरक पाडतात ते उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, प्रवाह जोरात धावतो आणि तळाचा चिखल उसळतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाच्या भरतीत प्रवाह मंद असतो, गाळ बसतो, पाणी जरा निवळतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण भागात जेम्स क्लोर्न यांनी दाखवून दिलं की तिथला वसंत बहर भांगाच्या दिवसांत उचल खातो आणि उधाणाने मोडतो. तो निष्कर्ष शक्य झाला, कारण अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे लोक अर्धशतकाहून अधिक काळ तिथे नेमाने पाणी मोजत आहेत.

ठाणे खाडीच्या बाबतीत उपग्रहावरही विसंबून राहता येत नाही. गढूळ पाण्यात गाळाचा आणि विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांचा रंग हरितद्रव्याच्या रंगात मिसळतो आणि नकाशा फसतो. इन्कॉइसच्या मासेमारी सल्ल्याचा खोल समुद्रातल्या नौकांना उपयोग होतो, पण खाडीत पाण्यात उतरूनच मोजावं लागतं. आणि त्यासाठी महागडी यंत्रं लागतात असंही नाही. १८६५ साली इटलीचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवली. पाणी किती पारदर्शक आहे हे मोजायची ती पद्धत आजही जगभर वापरतात.

शिरवणे, सानपाडा, नेरूळ इथल्या शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञान शिक्षकांना म्हणून माझी विनंती आहे. एक सेकी तबकडी, एक तापमापक आणि क्षारता मोजायचं साधं उपकरण एवढं घ्या. गावातल्या जाणत्या कोळ्याला सोबत घेऊन, त्याच्याच होडीतून, दर उधाणाला आणि दर भांगाला एकाच ठिकाणी जाऊन मोजा आणि तारीख, वेळ, भरती-ओहोटी यांसह वहीत लिहा. जवळा कधी आला, पाणी कधी हिरवं झालं, रोहित कधी उतरले आणि कधी गेले हेही त्याच वहीत नोंदवा. एका वर्षाची वही फार काही सांगणार नाही, पण दहा वर्षांची सांगेल. हे काम पुढच्या भांगापासून सुरू करता येईल.